नावाड्यावरचा खटला

सुमित्रा गड्डम बाईंची आणि माझी पहिली ओळख काही शोभेलशी नव्हती. आम्ही सांगोल्याकडची मेंढपाळ माणसं. मामा श्रीपूरच्या कारखान्यात कामाला होते, म्हणून त्यांच्याकडे राहून मी अकलूजच्या शाळेत नववीला आले. बाईंनी इंग्रजीचा धडा वाचायला उभं केलं, मी पहिल्याच ओळीला अडखळले आणि सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मी बाईंना गाठून सांगितलं, "मला न्हाय जमायचं बाई. मी गावाकडं चालले. मेंढरं बरी."

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा की. पण शनिवारी खटला आहे. तो संपल्याशिवाय जायचं नाही. तू न्यायाधीश आहेस."

बाई दरवर्षी इंग्रजीच्या तासाला धड्यातल्या एखाद्या पात्रावर खटला भरवत. दोन बाकं जोडून पिंजरा व्हायचा, वकील व्हायचे, साक्षीदार व्हायचे. सगळं इंग्रजीत. त्यांचा एक नियम मात्र जगावेगळा होता. ज्याचं इंग्रजी सर्वांत कच्चं, तोच न्यायाधीश. न्यायाधीशाला कळलं नाही तर चूक वकिलाची, त्याने पुन्हा सोपं करून सांगायचं. बाई सोलापूरच्या विणकर घरातल्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी. पहिलीत वर्षभर आपण नुसतं ऐकत बसलो होतो, असं त्या आम्हाला सांगत. हा नियम कुठून आला ते मला फार उशिरा उमगलं.

त्या शनिवारी नेमके तालुक्याचे साहेब तपासणीला आले. मुख्याध्यापकांचा धीर सुटला. ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आजच्यापुरती दुसरी मुलगी बसवा. हिला बोलता येत नाही."

"ऐकता येतं, सर," बाई म्हणाल्या. "आणि न्यायाधीश ऐन वेळी बदलत नसतात."

आरोपी होता धड्यातला नावाडी. पूर आलेला, नावेत आठ माणसं, नवव्या म्हाताऱ्याला त्याने काठावरच ठेवलं. नाव पैलतीराला लागली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची नुसती काठी सापडली, एवढीच शेवटची ओळ. एक वकील म्हणाला, याने म्हाताऱ्याला मारलं. दुसरी म्हणाली, याने आठ जणांना वाचवलं. मी चारदा "नॉट अंडरस्टँड" म्हणाले. चारही वेळा हुशार मुलांनी घाम पुसत सोपं करून सांगितलं, आणि मला सगळं कळलं. परक्या भाषेतलं सगळं कळण्याची ती माझी पहिलीच वेळ.

मग मला माझे वडील आठवले. ओढ्याला पाणी आलं की ते दुबळं कोकरू अलीकडे ठेवत, बाकीची मेंढरं उतरवत आणि परत जात. मी उभी राहिले. विचारलं, "बोटमॅन गो बॅक?"

कोणी हसलं नाही. वकिलांनी पुस्तकं चाळली. पुस्तकात ते नव्हतंच. सगळे बाईंकडे पाहू लागले. बाई साहेबांसमोर, मुख्याध्यापकांसमोर, सावकाश म्हणाल्या, "मी एकवीस वर्षं हा धडा शिकवते. हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला माहीत नाही." एवढं मोठं माणूस एवढं सरळ "माहीत नाही" म्हणू शकतं, हे पाहून मी थक्क झाले. ते थक्क होणं अजून ओसरलेलं नाही.

मी मराठीतच म्हणाले, "त्यो माघारी गेला का न्हाय, ह्ये कळल्याबिगर मी निकाल देणार न्हाय."

सोमवारी मी कपड्यांची पिशवी घेऊनच बाईंचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "निकाल दिलास?"

"न्हाय."

"मग खटला संपला कुठे? बस खाली."

मी बसले. पुढे दोन वर्षं शाळा भरण्याआधी बाई मला त्यांच्या घरी शिकवत राहिल्या. आधी शेंगाचटणी आणि भाकरी पुढ्यात यायची, मग पुस्तक. उपाशी पोटी स्पेलिंग पाठ होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आज मी सोलापुरात इंग्रजी शिकवते आणि माझ्या वर्गातही न्यायाधीश तोच असतो, ज्याचं इंग्रजी कच्चं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की मीही मुलांसमोर "माहीत नाही" म्हणते. अजून जीभ जड होते. बाईंची झाली नव्हती.

बाईंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर हात धरून म्हणाल्या, "बने, आता पिकलं पान झालं. तो निकाल तेवढा देऊन टाक, म्हणजे मी मोकळी."

बाई, तुमच्याच कोर्टाचा नियम आहे, खटला संपल्याशिवाय जायचं नाही. निकाल मी राखून ठेवलेला आहे. पुढची तारीख तुमच्या शंभराव्या वाढदिवसाची. ठणठणीत तब्येतीने हजर राहावं, ही विनंती. त्या दिवशीही मी निकाल देईनच, असं नाही.