रांगोळीनं घासलेलं नाणं

जगातल्या यच्चयावत छापखान्यांनी माझ्याविरुद्ध कट केला आहे. बसच्या तिकिटावरचा सीट नंबर, ढाब्याचं मेन्यूकार्ड, बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत, सगळं मुंगीनं पाय पुसल्यासारखं. संस्कृत शिकवणाऱ्या माणसानं जोडाक्षरांची ही विटंबना किती सोसावी?

तक्रार मनात नोंदवून नागपूरहून जबलपूरची सकाळची बस धरली. मामांचा फोन होता, नाणं वाचून दे म्हणून. रस्ता आता छान आहे. शिवनीला जेवून घ्यावं, दुपारी तिलवाऱ्याचा पूल येतो. तिथं अर्धी बस नर्मदेला हात जोडते, झोपलेलीसुद्धा.

मामा निवृत्त इंजिनिअर. भोसल्यांचे रुपये, संस्थानांचे पैसे यांचे अल्बम भरलेत, पण जीव एकाच नाण्यात. सिहोऱ्याच्या सराफाकडे वितळायला निघालेलं हे चांदीचं नाणं त्यांनी तरुणपणी सोडवून आणलं. एका बाजूला बसलेली लक्ष्मी, दुसरीवर नागरीत त्रिपुरीच्या कलचुरी राजाचं नाव. मामींनी लक्ष्मी पाहिली आणि नाणं देवघरात नेलं. दर दिवाळीला रांगोळीनं घासून लखलखीत! जुनं नाणं घासणं म्हणजे संग्राहकाच्या धर्मशास्त्रात महापातक. मामा एकदाच ओरडले, "लक्ष्मी राखलीस, राजा मारलास." मामी त्यानंतर नाण्यांच्या खोलीत कधी आल्या नाहीत, मामांनीही ते नाणं पुन्हा निरखून पाहिलं नाही. गेल्या वर्षी त्या वारल्या.

"एखादं अक्षर उरलं असंल तरी सांग," मामा म्हणाले. "मला मोतीबिंदूनं काही दिसून नाही राहिलं."

भिंग लावून मी नाणं खिडकीशी फिरवत राहिलो. गुळगुळीत चांदी.

"नाही मामा. काहीच उरलं नाही."

"अच्छा," एवढंच म्हणून ते नाणं फडक्यात गुंडाळू लागले.

मामांची मुलगी मीनल चहा घेऊन आली होती. "दादा, रुको ना. मोबाईलवर पाहून घेऊ." तिनं नाणं तिरप्या उजेडात ठेवलं, फोटो काढला, मोठा करून माझ्यापुढे धरला. तीन ओळी. झिजलेल्या, पण होत्या. 'श्री'ची वेलांटीसुद्धा शाबूत. मी राजाचं नाव मोठ्यानं वाचलं.

मामांनी नाणं उचलून त्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तिनं काही घालवलं नव्हतं," ते म्हणाले. "मी काहून बोललो असं?"

नाणं त्यांनी स्वतः देवघरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भेडाघाट. वाटेत तेवर लागतं, तीच जुनी त्रिपुरी. होडी इतरांसोबत वाटून घ्या, स्वस्त पडते. नावाडी यमक जुळवत संगमरवराच्या कड्यांची ओळख करून देतो. त्याच्या वृत्तात मात्रा कमी पडत होत्या, पण मामा हसले म्हणून मी चूक काढली नाही. जुनी नाणी विकायला कोणी आलं तर घेऊ नका, नकलाच जास्त. खोव्याची जिलबी मात्र घ्या.

घरी येऊन आठवडा झाला. मीनलनं तो फोटो पाठवलाय, मी तो मोठा करून पाहत असतो.

छापखान्यांवरची तक्रार मागे घेतो. अक्षरं नाण्यावर होती आणि भिंग लावूनही मला दिसली नाहीत. डाव्या डोळ्यापुढे काही महिन्यांपासून धुकं आहे, घरी बोललेलो नाही. वाचणं सोडून मला दुसरं काही येत नाही. तेच गेलं तर मी काय करणार, याची मला भीती वाटते.