मोठी लेन्स, थोडं कानडी
कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीचा वास आला की मला साठ-एकसष्ट सालचं बंगळूरचं यशवंतपूर स्टेशन आठवतं. चामराजपेटेतल्या आमच्या घरमालक अण्णांची मुलगी सासरी निघाली होती आणि निरोपाचा फोटो मी फुशारकीनं अंगावर घेतला होता. "बसला गर्दी असते, एकच लेन्स घे," अण्णा म्हणाले. पंधरा माणसं, म्हणजे मोठी लेन्स, असं ठरवून मी नेमकी लांबचं जवळ आणणारी उचलली. फलाटावर तिच्यातून नवरीचं नुसतं नाक दिसलं! पूल ओलांडून मी समोरच्या फलाटावर गेलो, तेव्हा कुठे सगळे मावले. पण माझ्याकडे कुणी बघेना. मराठी कळायचं ते एका अण्णांना, बाकी सगळा गोतावळा कानडी बोलणारा, आणि मला कानडी येत होतं ते बस कंडक्टरचं. "समोर बघा" म्हणायचं होतं, पण मी ओरडलो, "मुंदे होगी!" म्हणजे पुढे व्हा. पंधराही जण निमूट पुढे, थेट फलाटाच्या कडेला आले, आणि तेवढ्यात इंजिनाची शिट्टी! "अय्यो, मारतोस काय रे आम्हाला?" अण्णा गरजले, सगळे मागे उडाले, मी घाबरून खटका दाबला आणि मध्ये गाडी आली. डब्यांपलीकडून हसण्याचा गलका ऐकला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. फोटोही झकास आला. अजून प्रवासाला मी एकच लेन्स नेतो, लहान. कानडी मात्र घरीच ठेवतो.