तांदळातलं नाव

सिंगापूरच्या सहलीत एका फुटपाथवर एक म्हातारा चिनी चित्रकार लोकांची नावं रंगवत बसला होता. चपट्या ब्रशला एकदम चार रंग लावायचा आणि एका फटकाऱ्यात अक्षर काढायचा. कुठे बांबू, कुठे मासा, कुठे उडता पक्षी. नाव ऐकलं की आधी त्या माणसाकडे क्षणभर नीट बघायचा.

त्याने मला नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "शुभांगी."

माझं डोकंच सणकलं. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने ह्यांनी हेच नाव लिहिलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. बायका कौतुकाने हसत होत्या आणि वीस वर्षं आईने मारलेली हाक तिथेच संपली होती. इथे हा परका माणूस माझ्या एकेका अक्षराला कुठला पक्षी शोभेल याचा विचार करत होता!

"यमुना," मी मोठ्याने म्हणाले.

"अगं, हॉलमध्ये लावायचंय ना?" हे कुजबुजले. "लोक विचारतील, ही यमुना कोण?"

"विचारू देत. उत्तर तुम्ही द्यायचं."