वाळलेल्या चुन्याचं अपील

अपील मी लिहिलं होतं अकरा पानांचं. पहिलंच वाक्य होतं, ‘ही व्यवस्था गरिबाच्या हातात बेडी घालूनच शांत झोपते.’ चंद्रपूरच्या वकीलसाहेबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “हे न्यायाधीशांना द्यायचं की बसस्टँडवर वाटायचं?”

मला राग आला. तोवर मी संघटनेची पत्रकंच लिहीत आले होते, वनहक्काची, रेशनची. पहिल्या ओळीतच आवाज चढला पाहिजे, असं मला शिकवलेलं. आणि इथे तर एक माणूस तुरुंगात जाणार होता. सावली गावाजवळच्या खेड्यातला कवेलू, म्हणजे कौलं, फेरणारा. पावसाळ्याआधी लोकांच्या छपरांवर चढून फुटके कवेलू बदलायचे, हा त्याचा धंदा. दिवाळीत एका घराचे कवेलू काढून कुणीतरी आत उतरलं, पितळेची भांडी नेली. छपराच्या बांबूंत याची चुन्याची डबी सापडली, झाकणावर बापाचं नाव कोरलेलं. खालच्या कोर्टाने घरफोडीबद्दल एक वर्ष दिलं. अपिलासाठी महिनाभर शिक्षा थांबवली होती. त्यातले नऊ दिवस उरले होते.

“डबीचं काय ते याला विचारलंस?” वकीलसाहेब म्हणाले.

विचारलं नव्हतं. शोषितांच्या वतीने बोलायची मला इतकी सवय, की शोषित शेजारच्याच बाकावर तंबाखू मळत बसलाय, हे ध्यानातच आलं नाही.

मग साहेबांनी मला चोरीच्या दुसऱ्याच दिवशी झालेला पंचनामा मोठ्याने वाचायला लावला. ‘एक पितळी डबी, आतील चुना वाळून कडक झालेला,’ इथवर आले आणि तो म्हणाला, “थांबा ताई. काय झालेला?”

“वाळून कडक.”

“मंग थे डबी मी कशी वापरून राह्यलो होतो? चुन्यात रोज सकाळी पाणी टाका लागते. वाळला चुना खाते का कोनी?”

“मग ती तिथे गेली कशी?” साहेबांनी विचारलं.

“उन्हाळ्यात त्यायचे कवेलू फेरले न मी. दोन्ही हातात कवेलू, डबी बांबूत खोचली असन. तवापासून ढुंढून राह्यलो. जोडीदारावर आळ घेतला. तो अजून बोलत नाई मले.”

“हे कोर्टात काऊन नाही सांगितलं, भाऊ?” मी म्हणाले.

“डबी तुझीच का, म्हने. हो म्हटलं. पुढचं कोनी इचारलंच नाई. तुमी बी नाई. तुमी पानं लिवत होत्या.”

वकीलसाहेब हसले नाहीत, ते जास्त लागलं. माझी पानं पालथी करून कोऱ्या बाजूवर त्यांनी मुद्दे लिहिले. कवेलू यानेच फेरले होते, हे घरमालकाच्या जबाबातही होतं. दीड पानात अपील आटपलं. ‘व्यवस्था’ मी एकदा घालून पाहिली. त्यांनी खोडली.

तो सुटला. कोर्टातून तो घरी नाही, आधी जोडीदाराकडे गेला.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं आमच्या ऑफिसचे कवेलू फेरायला आले. शिडीवर पाय ठेवण्याआधी त्याने डबी माझ्या हातात दिली. “तुमीच धरा ताई. वर राह्यली तं पुन्हा अकरा पानं लिवान.” जोडीदार वरून खिदळला.

मी डबी धरून खाली उभी राहिले. पहिलं वाक्य मात्र चांगलं होतं, असं मला अजूनही वाटतं.