न भरणारा खड्डा

कुणाच्याही शेतात पाय ठेवण्याआधी मिस्त्री चपला काढून बांधावर ठेवायचे. "चपला असल्या की जमीन बोलत न्हाई, सायब." हातपंप दुरुस्त करणं हे त्यांचं काम. पण वडवणीच्या आसपास बोअर घ्यायची तर जागा दाखवायला आधी त्यांनाच बोलावणं जायचं. मी पाण्याचे नमुने तपासायला नेणारा, त्यामुळे गावोगाव त्यांची गाठ पडायची.

तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्यांची ते मनसोक्त टिंगल करत. स्वतः मात्र उन्हाळ्यात एका रेघेत हिरवी राहिलेली झाडं शोधत. तिथं खाली खडक फाटून सरकलेला असतो. शिकलेले लोक त्याला प्रस्तरभंग म्हणतात, मिस्त्री म्हणत चीर. "काळ्या खडकात पाणी शिरत न्हाई. चीर घावली की मात्र लई पळतंय."

एका वस्तीवर त्यांनी अशाच चिरेवर पंप बसवला. तो भर मे महिन्यातही आटेना. पुढं तिथं सार्वजनिक संडास झाले. शोषखड्ड्याची जागाही मिस्त्रींनीच दाखवली, पंपापासून चांगली दोन शेतं लांब. तो खड्डा कधी भरेचना! लोक कौतुक करत आणि मिस्त्री मिशीत हसत. कौतुक त्यांना भारी आवडायचं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

मग वस्तीत जुलाब सुरू झाले. पंपाचा नमुना खराब निघाला. सगळ्यांनी शेजारच्या गोठ्याला दोष दिला, मिस्त्री तेवढे शोषखड्ड्याकडं बघून आले. टँकर सुरू झाल्यावर त्यांनी रंगपंचमीचा उरलेला जांभळा रंग खड्ड्यात ओतला आणि पंप हापसत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी पंपातून जांभळं पाणी आलं.

"दोन्ही एकाच चिरेवर बसिवलं की मी," ते चारचौघांत म्हणाले. "खड्डा भरंल कसा? तुमच्या घागरीत भरत हुता." आणि पंपाचा दांडा त्यांनी स्वतःच काढला.

खड्डा बुजवून बांधीव टाकी केली. नवा पंप चिरेपासून दूर, वरच्या अंगाला घेतला. नमुना चांगला आला, तरी मिस्त्रींनी बायकांना अडवलं. "कागद ऱ्हाऊ द्या. आठ दिस मी एकटाच पिणार." रोज सकाळी सायकलवर यायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे. मला हसू यायचं आणि त्यांची कीवही यायची.

मिस्त्री आता नाहीत. मला आठवते ती चौथी सकाळ. जुलाबांत जिचं पोर सलाईनवर गेलं होतं, तीच बाई घागर घेऊन आली. "सरका, मिस्त्री. तुमी पिलात तेवढं बास."

मिस्त्री सरकले नाहीत. घागर पंपाखाली ठेवून तेच हापसू लागले. डोळ्यांना धार लागलेली, पण दांडा काही सोडवेना.

"आवो, भरली की!" बाई हसून म्हणाली. "सांडाया लागलंय."