ताम्हनात न वाजलेले फासे

गार्गी चिखलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. श्वास घ्या, धरा, सोडा, दिवसभर हेच. रविवारी दुपारी मात्र तिच्या तोंडून राक्षस बोलतात, राण्या बोलतात, एकदा तर घुबडही बोललं. पुण्याला कोर्स करताना ती हा खेळ शिकली. लोक पुण्याहून बाकरवडी आणतात, हिने वीस बाजूंचा फासा आणला.

खेळ अवघड नाही, उगाच भुवया वर करू नका. गार्गी गोष्ट सांगते, आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं होतो आणि आपण काय करतो ते बोलून सांगतो. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. शंतनु तिच्या वर्गातला, आता शाळेत गणित शिकवतो. खेळात तो सरदार. बँकेतली हिमानी चोर. मी निवृत्त प्राध्यापिका, खेळात कुबडी टेकत चालणारी वैदू, नाव झुंबरबाई.

गार्गीचे वडील सहदेवराव पौरोहित्य करतात. घरात फासे आले म्हणून ते आधी भडकले. मग स्वतःच एक जुनं ताम्हन आणून दिलं. “टाकाचेच तर याच्यात टाका. देवाच्या भांड्यात लबाडी होत नाही.” तेव्हापासून फासा सगळ्यांसमोर ताम्हनात पडतो, ठणठणत. आणि गार्गी कुणाला वाचवत नाही. हिमानीचे दोन चोर मेले, ती रडली, तरी नाही.

तिचा आणखी एक हट्ट. खेळणाऱ्याला कळलं म्हणजे त्याच्या पात्राला कळलं, असं चालणार नाही. आता एकाच सतरंजीवर बसल्यावर सगळं सगळ्यांना ऐकू येणारच. हिमानीच्या चोराने देवळातली किल्ली लांबवली, तसा शंतनु म्हणाला, “मी चोराची झोळी तपासतो.”

“काऊन?” गार्गीने विचारलं.

“किल्ली त्याच्यापाशी आहे ना!”

“थे तुले माहीत आहे. तुह्या सरदाराले कुठी माहीत आहे? तो तवा घोड्याले पाणी पाजून राह्यला होता.”

“अवं, मी इथंच बसेल होतो!”

“तू बसेल होता, सरदार नाही. झोळीले हात लावू नको बे.”

शंतनु बराच वेळ फुगून बसला. मला हे फार आवडायचं. माझ्यावर येईपर्यंत.

पावसाळ्यात लागलेला खोकला दिवाळी झाली तरी जाईना. माझ्या नवऱ्याचा कॅन्सरही खोकल्यापासूनच सुरू झाला होता आणि दोन महिन्यांत सगळं संपलं होतं, म्हणून मी टाळत होते. शेवटी एका शनिवारी छातीचा फोटो काढायला गेले.

“हनुवटी वर करा, काकू. श्वास घ्या. धरा.”

मी धरला. काचेपलीकडे गार्गी पडद्याकडे बघत राहिली आणि ‘सोडा’ म्हणायचं विसरली. मीच सोडला.

“काय गं, दिसलं काही?”

“मले थे सांगता येत नाही, काकू. डॉक्टर लग्नाले जालन्याले गेले. सोमवारी सांगतील.”

“तुला डोळे आहेत ना?”

“डोळे आहेत. पण सांगाचं काम त्यायचं.”

मी चपला घालताना तिने माझा दंड धरला. यापूर्वी कधी धरला नव्हता. घरी येऊन मी नागपूरला मुलाला फोन लावला आणि थंडीबद्दल बोलून ठेवून दिला. मग विनाकारण कपाट उपसलं. त्यात नवऱ्याचा मफलर निघाला, तो तसाच हातात धरून बसले.

रविवारी खेळायला गेले. घरी बसून काय करायचं होतं? गार्गीने माझ्या पाठीला लोड दिला. गोष्टीत दरीवरचा दोरांचा पूल आला आणि झुंबरबाईच्या पायाखालची फळी मोडली. गार्गीने गोष्टीची टिपणं असलेली फाइल उभी धरली आणि तिच्याआड, सतरंजीवर फासा टाकला.

“अठरा. वाचली.”

ठण वाजलं नाही. पुढे बाण आला. पुन्हा फाइलीआड फासा, बाण चुकला. मग विषारी पाणी.

“वैदूले विष चढत नाही,” गार्गी म्हणाली.

“काऊन नाही चढत?” शंतनु उसळला. “हिमानीचा चोर तर एका घोटात गेला!”

वैदूवर दया करणारी गार्गी ही गोष्ट सांगणारी नव्हती. काचेपलीकडची होती.

“फासा ताम्हनात टाक,” मी म्हटलं.

“राहू द्या ना, काकू.”

“टाक म्हणते ना! शंतनुला झोळीला हात लावू दिला नाहीस. मग तू कुठलं कुठे वापरतेयस?”

तिने फाइल खाली ठेवली. फासा टाकला. ठण्ण. दोन.

“मेली,” हिमानी हळूच म्हणाली. गार्गीचे डोळे भरले होते.

“उद्या मी घ्याले येतो, काकू. गाडी घेऊन,” ती म्हणाली.

दवाखाना माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे ओठांवर आलं होतं. “ये,” म्हटलं.

सोमवारी डॉक्टरांनी फुफ्फुसावरचा डाग दाखवला, थुंकी तपासायला पाठवली. तो अहवाल येईपर्यंत मला अन्न गेलं नाही. “क्षय आहे,” डॉक्टर म्हणाले, “गोळ्या नियमित घ्या, बरा होतो.” मी मोठ्याने हसले. त्यांना वाटलं असावं, म्हातारीला ऐकू आलं नाही.

बाहेर गार्गी उभी होती. “तुला माहीत होतं?”

“डाग दिसला होता, काकू. कशाचा, थे मले कुठी समजते? तेवढ्यानंच झोप गेली.”

“म्हणजे अर्ध्या माहितीवर माझ्या वैदूला दोनदा वाचवलंस!”

“चुकलं.” मग नाक पुसून म्हणाली, “शंतनु-हिमानीलेही तपासाले बोलावलं. इतके दिवस तुमच्यापाशी बसेल होतो आम्ही.”

दोघंही, आणि तीही, ठणठणीत निघाली. डॉक्टरांनी माणसांत मिसळायची परवानगी दिली, त्याच रविवारी मी गेले. माझं नवं पात्र होतं नावाडीण पुष्पांजली, दंडाने धट्टीकट्टी. पहिल्याच डावात तळ्यात भोवरा आला. फासा ताम्हनात पडला, गरगरला, थांबला. एक.

“बुडाली,” माझ्याकडे न बघता गार्गी म्हणाली.

शंतनु खदखदून हसला. मी त्याला हसू दिलं आणि चहा मागितला.