मावशींनी राखून ठेवलेला टप्पा

हेवा करण्याजोगी माणसे जगात पुष्कळ असतील. पण अमेरिकेत पार्सिपनीतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींइतका रीतसर, मन लावून हेवा मी दुसऱ्या कोणाचाही केलेला नाही. त्या एकदा विरजण मागायला खाली आल्या आणि माझ्या भिंतीवरचा आयर्लंडच्या किनारवाटेचा नकाशा त्यांना दिसला. समुद्राकाठचे कडे, पडके किल्ले, जुन्या मठांचे अवशेष यांतून जाणारी ती वाट चालण्याचे स्वप्न मी कित्येक वर्षे पाहत होतो. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलेला. इथे राहायला हरकत नव्हती, पण अमेरिकेबाहेर पडलो तर परत येता येईल याचा भरवसा नाही, म्हणून नुसतेच पाहत होतो. “बरी दिसतेय रे,” मावशी म्हणाल्या, विरजण घेऊन वर गेल्या आणि महिन्याभरात तिकीट काढून मोकळ्या झाल्या.

सरावासाठी सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून त्या जिना चढत-उतरत, आणि प्रत्येक फेरीला माझे दार वाजवून “घाम आला बघ!” असे कळवीत. आयर्लंडला पोचल्यावर तिकडून रोज फोन. प्रत्येक किल्ल्याची तुलना राजगडाशी. “बुरूज ठीक आहे, पण पायथ्याशी पिठलं-भाकरी नाही. कसला किल्ला!” एका छप्पर उडालेल्या चॅपेलमध्ये शिरताना त्यांनी सवयीने बूट बाहेर काढले, ते पाहून मागून आलेल्या जर्मन मंडळींनीही मुकाट्याने काढले. एवढ्यात पाऊस कोसळला. “आत काय, बाहेर काय, सारखेच भिजलो रे! मग सगळ्यांनी ओळीनं बुटांतलं पाणी ओतलं. मी भाकरवडी वाटली.” मी पोटभर हसलो. फोन ठेवल्यावर मात्र वाटले, ते ओले बूट माझे असायला हवे होते.

त्या परतल्यावर मन घट्ट करून मी शेवटच्या टप्प्याविषयी विचारले. तिथल्या दीपगृहाभोवती मी नकाशात वर्तुळ काढले होते.

“तिथं गेलेच नाही.”

“का? पाय दुखले?”

“पाय कसले दुखतात! सगळं मीच बघून आले तर तू काय बघणार? तुझं स्टॅम्पिंग झालं की दोघं जाऊ.”

माझा शिक्का अजून व्हायचा आहे. मावशी रोज सकाळी जिन्यावर सराव करतात. पण आता कठडा धरून, आणि सॅकमधली पिशवीही लहान झाली आहे. पूर्वी त्यांची पावले ऐकून माझा जळफळाट होई. हल्ली ती ऐकू यायला जरा उशीर झाला, की मी दार उघडून जिन्यात उभा राहतो.